बाल्डीवरची चार नावं : सन व्हॅलीच्या स्कीपटू आणि त्यांच्या शर्यतींचं गणित

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात केचम गावाला लागून सन व्हॅली हे स्की-रिसॉर्ट आहे. तिथला मुख्य डोंगर बॉल्ड माउंटन, गावकऱ्यांच्या तोंडी नुसता ‘बाल्डी’. माथा सुमारे 2,790 मीटर उंचीवर, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतची उतरण हजार मीटरहून थोडी जास्त. रस्त्यांना असतात तशी इथे उतारांनाही नावं आहेत. सिएटल रिज नावाच्या धारेवर ग्रेचेन्स गोल्ड, क्रिस्टिन्स सिल्व्हर आणि मफीज मेडल्स असे तीन उतार आहेत. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, वॉर्म स्प्रिंग्जच्या बाजूला, पिकाबोज स्ट्रीट आहे.

चारही नावं इथल्या स्कीपटू बायकांची. कुणाचं सुवर्ण, कुणाचं रौप्य, एवढं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. पण बर्फावर कधी पाय न ठेवलेल्या माणसाला या शर्यती सारख्याच वाटतात : वरून निघायचं आणि लवकर खाली पोचायचं. प्रत्यक्षात या चौघींची पदकं चार वेगवेगळ्या कौशल्यांची आहेत. ती कौशल्यं कळली की पदकांची खरी किंमत कळते. त्यातलं चौथं तर पहिल्या तिघींच्या खेळापेक्षा इतकं निराळं आहे, की त्याची सुरुवात पायांपासून होतच नाही.

आधी लिफ्टबद्दल थोडं. सन व्हॅली उघडलं डिसेंबर 1936 मध्ये, युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचे प्रमुख अॅव्हरेल हॅरिमन यांच्या पुढाकारानं. हिवाळ्यात रेल्वेला प्रवासी मिळावेत हा सरळ धंद्याचा हिशेब. तोवर स्कीइंग म्हणजे तासन्‌तास चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं. कंपनीचे एक इंजिनिअर जिम करन यांनी त्याआधी जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवर काम केलेलं होतं. फिरत्या केबलला घड लटकवण्याऐवजी खुर्ची लटकवावी, ही त्यांची कल्पना. ओमाहा शहरात ट्रकला खुर्ची बांधून, माणसांना उभ्या-उभ्या त्या चालत्या खुर्चीत बसवून चाचण्या झाल्या. ताशी साधारण 6 ते 8 किलोमीटर वेग ठरला, कारण त्याहून जास्त वेगात खुर्ची पोटरीवर आदळते आणि बसणारा कोलमडतो. ही जगातली पहिली चेअरलिफ्ट. तिच्यामुळे एका दिवसात दोन-तीनदा नव्हे, पंधरा-वीसदा उतरता येऊ लागलं. वळणं घोटायची तर उतरण्याची संख्या लागते, आणि ती या डोंगरांवर राहणाऱ्यांना मिळाली.

ग्रेचेन फ्रेझर ही त्यातलीच. जन्म 1919 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाचा, आई नॉर्वेची. लग्नानंतर ती सन व्हॅलीत आली. 1940 च्या ऑलिम्पिकसाठी तिची निवड झाली होती, पण महायुद्धामुळे ते ऑलिम्पिक झालंच नाही. 1941 मध्ये ती राष्ट्रीय विजेती झाली. त्याच काळात पडद्यावर सोन्या हेनी या नटीच्या जागी स्कीइंग करणारीही तीच होती. ऑलिम्पिकची पुढची संधी आली 1948 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला. तेव्हा ती 28 वर्षांची होती आणि युरोपात तिला कुणी फारसं ओळखतही नव्हतं.

तिची शर्यत स्लालम. उतारावर लाल आणि निळ्या खांबांची गेट्स रोवलेली असतात, आणि प्रत्येक गेटमधून दोन्ही पायांनी जावं लागतं. आजच्या नियमांनुसार बायकांच्या मोठ्या स्पर्धांत स्लालमची उंची (म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकांमधला फरक) 140 ते 220 मीटर असते आणि वळणांची संख्या त्या उंचीच्या 30 ते 35 टक्के. म्हणजे 200 मीटर उंचीच्या उतारावर 60 ते 70 वळणं. एक फेरी मिनिटाच्या आत-बाहेर संपते, त्यामुळे एका वळणाला सेकंदभरही मिळत नाही. फेऱ्या दोन, दुसऱ्या फेरीला गेट्सची मांडणी बदललेली, आणि दोन्ही वेळांची बेरीज हा निकाल. एक गेट चुकलं की खेळाडू बाद. तुम्ही आघाडीवर असा नाहीतर शेवटी, नियम तोच.

म्हणून स्लालममध्ये पूर्ण उतरून येणं हेसुद्धा साधं नाही. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय महिला शैलजा कुमार हिनं 1988 मध्ये कॅलगरीत हीच शर्यत पूर्ण केली आणि 28 वं स्थान मिळवलं. आकडा मोठा दिसतो, पण त्याच दिवशी कितीतरी जणी वाटेतच बाद झाल्या होत्या.

वळणात नेमकं काय चुकतं? बहुतेकांची चूक एकच : वळण उशिरा सुरू होतं. खांब जवळ आल्यावर वळायला गेलं की स्की खांबाच्या खालच्या बाजूला आडवी होते, बर्फ खरवडते, वेग जातो. शिवाय पुढच्या गेटसाठी आपण आधीच जास्त खाली आलेलो असतो, मग तिथे त्याहून उशीर. तीन गेट्समध्ये हा उशीर साठतो आणि चौथं हातचं जातं. याला उपाय एकच : वळणाचा जोर खांबाच्या वरच संपवायचा आणि खांबाशी पोचेपर्यंत स्की पुढच्या गेटकडे सोडायची. त्यासाठी नजर समोरच्या खांबावर नव्हे, त्याच्या पुढच्या खांबावर हवी.

आज स्लालमचे खांब मुळाशी बिजागरीवर झुकतात, म्हणून खेळाडू नडगीवर गार्ड बांधून खांबाला थेट धडक देत जातात. हे खांब सर्रास वापरात आले 1980 च्या दशकात. ग्रेचेनच्या वेळी खांब ताठ होते, त्यांना वळसा घालूनच जावं लागे. स्की लाकडाची, तिच्या कडेला स्क्रूनं बसवलेल्या पोलादी पट्ट्या, पायात नाडीचे चामडी बूट, आणि टाच धातूच्या केबलनं आवळलेली. पडल्यावर आपोआप सुटणारी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, आज प्रत्येक स्कीला असते. त्या केबलमध्ये ती सोय नव्हती. पाय पिळला तर पिळला.

5 फेब्रुवारी 1948. ग्रेचेनचा क्रमांक 1. पहिला क्रमांक मिळणं वरवर चांगलं वाटतं, आणि बर्फ मऊ असेल तर ते खरंही आहे : साठ जणी गेल्यावर प्रत्येक खांबाखाली खड्डा पडतो, पहिलीला तो नसतो. पण पहिलीला दुसरी अडचण असते. कुठल्या वळणावर बर्फ निसरडा आहे, कुठे आधीच्या तिघी घसरल्या, हे सांगणारं कुणी पुढे गेलेलंच नसतं. पहिल्या फेरीनंतर ती सेकंदाच्या दहाव्या भागानं पुढे होती. दुसऱ्या फेरीतही तीच पहिली. ती सुरुवातीच्या जागी उभी राहिली आणि नेमकी वरच्या-खालच्या टोकांमधली टेलिफोनची तार बंद पडली.

शर्यत का थांबते ते बघा. घड्याळ खालच्या टोकाला, खेळाडू वरच्या. कोण कुठल्या क्षणी निघालं हे खाली कळलं नाही तर वेळ मोजताच येत नाही. त्यामुळे तार दुरुस्त होईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि त्याला 17 मिनिटं लागली. थांबलेला खेळाडू या वेळात तीन गोष्टी गमावतो. मांड्या थंड होतात, म्हणजे पहिल्या चार-पाच वळणांत गुडघा हवा तेवढा वाकत नाही. स्कीचा तळ एका जागी राहिला की त्याला बर्फाचे कण चिकटतात आणि निघताना ती ओढून धरल्यासारखी वाटते, म्हणून स्की सतत मागेपुढे सरकवत राहावी लागते. आणि सकाळी उतारावर फिरून पाठ केलेला गेट्सचा क्रम मनात फिका पडू लागतो.

ग्रेचेन निघाली आणि जिंकली. दोन्ही फेऱ्या मिळून 1 मिनिट 57.2 सेकंद. दुसरी आलेली स्वित्झर्लंडची आंतोनेत मायर अर्ध्या सेकंदानं मागे. स्कीइंगमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ही पहिली अमेरिकन व्यक्ती. व्यक्ती म्हणजे पुरुष धरूनही. आदल्या दिवशी वेगाची डाउनहिल शर्यत आणि स्लालम मिळून होणाऱ्या एकत्रित प्रकारात तिला रौप्य मिळालंच होतं. अमेरिकन पुरुषांना उताराच्या स्कीइंगमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळायला त्यानंतर 36 वर्षं जावी लागली.

तिच्या नावाचा उतार मात्र सौम्य बाजूला आहे. कुटुंबं, मध्यम दर्जाचे स्कीअर तिथे आरामात उतरतात. ऑलिम्पिक विजेतीच्या नावाला धडकी भरवणारा कडा हवा होता असं कुणाला वाटेल. मला हेच बरं वाटतं, कारण तिचं दुसरं काम त्या सौम्य उताराला जास्त शोभतं. युद्धाच्या काळात तिनं लष्करी रुग्णालयांत हात-पाय गमावलेल्या सैनिकांना पोहणं, घोड्यावर बसणं आणि स्कीइंग शिकवलं. एका पायावर स्की करणाऱ्याला दोन्ही हातांत टोकाला छोटी स्की लावलेल्या काठ्या द्याव्या लागतात, तोल त्यांच्यावर सांभाळला जातो. हे तंत्र तेव्हा नवं होतं. पदकाच्या बातम्यांत या कामाला एखादी ओळ मिळते. पदकाहून ते लहान काम नव्हतं.

क्रिस्टिन कूपर ही पुढच्या पिढीतली, केचममध्ये वाढलेली. 1982 च्या जागतिक स्पर्धेत, ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगला, तिनं तीन पदकं घेतली. तिच्या नावाच्या उतारातलं रौप्य 1984 च्या सारायेवो ऑलिम्पिकचं, जायंट स्लालममधलं.

जायंट स्लालममध्ये गेट्स विरळ असतात. बायकांसाठी उंची साधारण 300 ते 400 मीटर, वळणं चाळीस-पन्नास. वेग जास्त, वळणं लांब. आजच्या नियमात बायकांची जायंट स्लालमची स्की किमान 188 सेंटिमीटर लांब आणि तिच्या कडेची गोलाई किमान 30 मीटर त्रिज्येची असावी लागते. स्लालमची स्की 155 सेंटिमीटर असली तरी चालते. त्रिज्या म्हणजे काय? स्की मध्यभागी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कडेवर उभी केली की वजनानं वाकते आणि त्या कमानीवरून आपोआप वळते. कमान जितकी उथळ तितकं नैसर्गिक वळण मोठं. नीट वळलेल्या स्कीमागे बर्फावर सुरीनं ओढल्यासारखी बारीक रेघ उमटते. हातभर रुंद खरवडलेला पट्टा दिसला तर समजावं, इथे वेग गेला.

या शर्यतीचा सगळा भार बाहेरच्या पायावर असतो. डावीकडे वळताना उजव्या स्कीवर, उजवीकडे वळताना डाव्या. शरीर वळणाच्या आत झुकलेलं असतं. वेगामुळे ते बाहेर फेकलं जाऊ पाहतं, आणि बाहेरच्या स्कीची कड त्याला धरून ठेवते. घाई केली, बाहेरची स्की बर्फात रुतायच्या आधीच आत झुकलं, तर भार आतल्या पायावर येतो. आतली स्की तो पेलत नाही, ती निसटते आणि कंबर थेट बर्फाला टेकते.

कूपरचं नेमकं हेच झालं. पहिल्या फेरीनंतर ती आघाडीवर होती. दुसऱ्या फेरीत सुरुवातीच्याच एका वळणावर ती आत कलंडली आणि कंबरेवर घसरली. बहुतेक जणी इथेच संपतात. तिनं स्की पुन्हा शरीराखाली आणली, गेट न चुकवता उभी राहिली आणि तशीच खालपर्यंत गेली. सुवर्ण मिळालं तिच्याच संघातल्या डेबी आर्मस्ट्राँगला, अंतर 0.40 सेकंद. ती घसरली नसती तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न तिथले जाणकार अजून उगाळतात. उत्तर अर्थात कुणाकडे नाही.

पिकाबो स्ट्रीटचं प्रकरण वेगाचं आहे. जन्म 1971, गाव ट्रायम्फ, केचमहून जवळच. डाउनहिल हा तिचा खरा प्रकार : सगळ्यांत लांब, सगळ्यांत वेगवान, एकच फेरी. 1995 आणि 1996 असे लागोपाठ दोन हंगाम तिनं विश्वचषकातलं डाउनहिलचं विजेतेपद घेतलं. त्यातल्या पहिल्या हंगामात तर नऊपैकी सहा शर्यती तिच्या. त्याआधी 1994 मध्ये लिलेहामरला डाउनहिलचं ऑलिम्पिक रौप्यही मिळालं होतं. मग डिसेंबर 1996 मध्ये डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि जवळपास वर्ष उपचारांत गेलं. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकच्या तोंडावर स्वीडनमध्ये ती पुन्हा जोरात पडली आणि बेशुद्ध झाली.

नागानोला तिनं सुवर्ण जिंकलं ते डाउनहिलमध्ये नव्हे, सुपर-जीमध्ये. हा प्रकार डाउनहिल आणि जायंट स्लालम यांच्या मधला. बायकांसाठी उंची 400 ते 600 मीटर, लागोपाठच्या वळणखांबांत किमान 25 मीटर अंतर, आणि फेरी एकच. डाउनहिलच्या आधी सरावाच्या फेऱ्या मिळतात, सुपर-जीला मिळत नाहीत. सकाळी उतारावरून हळू घसरत गेट्स पाहून घ्यायची, बस. शर्यतीत त्या वेगानं खेळाडू त्या उतारावर पहिल्यांदाच उतरत असतो. त्यामुळे पाहणीच्या वेळी काय बघायचं हे ठरलेलं असावं लागतं : कुठल्या उंचवट्यामागे पुढचं गेट दिसत नाही, तिथून हवेत उडाल्यावर तोंड कुठल्या दिशेला हवं, आणि कुठे अंग दुमडून वारा कापत सरळ जाता येईल.

तिनं धाडस केलं ते स्कीच्या निवडीत. सुपर-जीसाठी तिनं डाउनहिलची जास्त लांब स्की घातली. लांब स्की सरळ पट्ट्यात स्थिर राहते आणि वेग धरते, पण वळायला आळशी. वळणं जास्त निघाली असती तर तिथेच मार बसला असता. पण त्या दिवशीचा मार्ग बराच सरळ होता आणि तिचा अंदाज बरोबर ठरला. वेळ 1 मिनिट 18.02 सेकंद. दुसरी आलेली ऑस्ट्रियाची मिखाएला डोर्फमायस्टर, 1 मिनिट 18.03. सेकंदाचा शंभरावा भाग! ताशी 100 किलोमीटर वेगानं या वेळात सुमारे 28 सेंटिमीटर अंतर कापलं जातं. दोघींमध्ये जेमतेम सव्वा वीत. तारीख होती 11 फेब्रुवारी, म्हणजे ग्रेचेन फ्रेझरचा जन्मदिवस. ग्रेचेन त्याआधी चार वर्षं, 1994 मध्ये, सन व्हॅलीतच वारली होती.

पुढच्याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये पिकाबोच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि उजव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. वेगाच्या शर्यतींत हे अपवादानं होत नाही. हाडाचं दुखणं बरं होतं. पण गुडघ्यावर परत विश्वास ठेवायला वेळ लागतो, आणि वळताना अर्धा क्षण कचरलेला पाय घड्याळात लगेच दिसतो.

मफी डेव्हिसची गोष्ट याच डोंगरावर घडली. 1989 मध्ये, 16 वर्षांची असताना, बाल्डीवरच डाउनहिलचा सराव करताना ती अपघातात सापडली आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. ती पुन्हा बर्फावर आली मोनोस्कीवर बसून. 1998 च्या नागानो पॅरालिम्पिकमध्ये कांस्य, 2002 च्या सॉल्ट लेक सिटीत तीन रौप्य.

मोनोस्की म्हणजे एकाच स्कीवर बसवलेली साचेबंद खुर्ची. खुर्ची आणि स्की यांच्यामध्ये मोटरसायकलला असतो तसा शॉक अॅब्सॉर्बर, कारण उभ्या स्कीअरचे गुडघे-घोटे जो धक्का गिळतात तो इथे त्यालाच गिळायचा असतो. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे कोपराला आधार देणाऱ्या कुबड्या, टोकाला वीतभर स्की. वळण सुरू होतं डोकं आणि खांदे यांच्यापासून. पोटाचे स्नायू जितके शाबूत तितका ताबा जास्त.

बिघडतं ते बहुतेक वेळा बैठकीत. खुर्ची अंगाला घट्ट बसली नाही, पट्टा सैल राहिला, तर शरीर झुकतं पण स्की जागची हलत नाही; शरीराचा इशारा वाटेतच विरतो. शॉक फार लवकर उसळणारा असेल तर खड्ड्यावरून खुर्ची उडते. फार सावकाश परतणारा असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहतो आणि तिसरा-चौथा धक्का थेट मणक्याला बसतो. त्याची सेटिंग माणसाच्या वजनानुसार आणि बर्फाच्या कडकपणानुसार बदलावी लागते. शिवाय पायांना संवेदना नसते. बोटं गोठताहेत की खुर्चीची कड मांडीत रुतते आहे, हे कळायला शरीराकडून काहीच निरोप येत नाही. म्हणून ठरावीक वेळानं थांबून पाय तपासणं आणि खुर्चीतून अंग उचलून भार हलवणं हे सरावाचाच भाग असतं. ते टाळलं तर एका दिवसात होणारी जखम बरी व्हायला महिने जातात.

चेअरलिफ्टवर चढणं हीही एक कसरत. खुर्चीखालचा खटका दाबला की मोनोस्कीची बैठक वर उचलली जाते, म्हणजे लिफ्टची खुर्ची तिच्याखाली शिरू शकते. मग आउटरिगरनं रेटा देऊन मागे सरकायचं आणि बसायचं. सुरुवातीला लिफ्ट चालवणाऱ्याला वेग कमी करायला सांगितलेलं बरं. माथ्यावर उतरल्यावर बैठक खाली येऊन अडकली की नाही हे हातानं चाचपून पाहायचं. ती वरच राहिली तर तोल उंचावर जातो आणि पहिल्याच वळणावर माणूस आडवा होतो.

निकालाची पद्धत मफीच्या काळानंतर बदलली. तिच्या वेळी अपंगत्वाच्या प्रकारांनुसार अनेक गट आणि प्रत्येक गटाची वेगळी पदकं असत. 2006 च्या टुरिन पॅरालिम्पिकपासून तीनच गट राहिले : उभे, बसलेले आणि दृष्टिहीन. गटाच्या आत समानता राखायला प्रत्येकाच्या वेळेला एक गुणक लावतात. समजा एकीची वेळ 80 सेकंद आणि गुणक 0.85, तर तिची वेळ धरतात 68 सेकंद. दुसरी 76 सेकंदांत पोचली पण तिचा गुणक 0.90 असेल तर 68.4. म्हणजे खाली आधी पोचलेली दुसरी हरते. पहिल्यांदा बघणाऱ्याचा यात हमखास गोंधळ उडतो, म्हणून मैदानातला फलक बघताना गुणलेली वेळच बघावी.

बर्फ सोडल्यावर मफी हातांनी चालवायच्या सायकलवर बसली आणि 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं जिंकली. 2018 मध्ये ती आयडाहो राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आली.